जुन्या मालकाकडून हॉटेल चालवायला घेताना काय काय मोजून, लिहून घ्यावं?

दुसरी_पाळी

वस्तीतलं मध्यम हॉटेल आहे, ४० जणांच्या बसण्याची सोय, दोन वेळचं जेवण. मालक काका तीसेक वर्षं रोज स्वतः उभे असतात. खरेदी, चव, गल्ला, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यांच्याच हातात. वय झालं, दीड वर्षात त्यांना यातून मोकळं व्हायचं आहे आणि हॉटेल मी चालवायला घ्यावं असं ठरत आलं आहे. जागा त्यांच्या मालकीची आहे, ती ते विकणार नाहीत.

नोंदी म्हणाल तर विक्रीची वही आणि पुरवठादारांची बिलं, बाकी सगळं काकांच्या डोक्यात. सांगायला ते तयार आहेत. "विचार, सांगतो" म्हणतात. पण नेमकं काय विचारायचं हेच कळत नाही. तर,

१. पाककृती कशा उतरवून घ्यायच्या? "किती घालायचं?" म्हटलं की "अंदाजाने" हेच उत्तर येतं.
२. हॉटेल खरंच नफ्यात आहे का, हे कसं तपासायचं?
३. काकांनी कोणत्या क्रमाने बाहेर पडावं?
४. अशा व्यवहारात लोक कुठे फसतात?

रोजमेळ

आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो. त्याचं उत्तर "नाही" आलं तर बाकीच्या तिघांची गरजच उरत नाही.

जुन्या मालकाच्या हॉटेलचा नफा वहीत दिसतो तेवढा जवळपास कधीच नसतो. कुणी खोटं लिहितं म्हणून नव्हे. मालक स्वतःचा पगार लावत नाही आणि स्वतःच्या जागेचं भाडं धरत नाही, म्हणून. हे दोन्ही खर्च तुम्ही आल्या दिवसापासून खरे होतात.

आधी मालाचा खर्च काढा. महिन्याची बिलं जोडून तो येत नाही. महिन्याच्या पहिल्या दिवशी सकाळी शिल्लक माल मोजा, शेवटच्या रात्री पुन्हा मोजा. सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी वजा शेवटची शिल्लक, हा खरा खर्च. आकडे नुसते उदाहरणादाखल घ्या: विक्री ६४०, सुरुवातीची शिल्लक ४०, खरेदी २१०, शेवटी ३५. म्हणजे माल गेला २१५, विक्रीच्या ३३.६ टक्के.

समजा नोकरांचे पगार १२२ आणि इंधन, वीज, पाणी, दुरुस्ती, परवाने, साफसफाई वगैरे मिळून १२८. वहीप्रमाणे उरले १७५, म्हणजे २७ टक्के. बघणारा खूश होतो.

आता काकांचे तास चार आठवडे लिहून काढा. त्यांना विचारून नको, बघून लिहा. साधारण असं काहीतरी निघेल: खरेदी १०, भटारखाना २६, गल्ला ३०, दुरुस्ती आणि देखरेख ५, हिशेब ७. आठवड्याचे ७८ तास. ४८ तासांचा आठवडा धरला तर हे सरळ १.६ माणसांचं काम आहे. पण १.६ माणसं ठेवता येत नाहीत. शिवाय गर्दीच्या वेळी काका गल्ल्यावर बसून भटारखान्यावरही नजर ठेवतात, ते दुसऱ्या एकाला जमणार नाही. म्हणून दोन जाणत्या माणसांचे पगार धरा. समजा ५६. जागेचं बाजारभावाने भाडं समजा ५१. १७५ मधून हे दोन्ही गेले की ६८ उरतात. भांडी, फ्रिज, बर्नर कधीतरी बदलावेच लागतात, त्यासाठी विक्रीचे ३ टक्के म्हणजे १९ बाजूला टाका. राहिले ४९. साडेसात टक्क्यांच्या थोडं वर.

हे वाईट नाही. बसून जेवायच्या हॉटेलात हातात ५ टक्क्यांच्या आसपास उरणं नेहमीचंच. पण तुम्ही काकांना द्यायची रक्कम १७५ वर ठरवली असती तर दरमहा घरातून पैसे घालावे लागले असते. दोन पगारांपैकी एका जागी तुम्ही स्वतः उभे राहाल तेव्हा तो पगार तुमचा. त्याला नफा समजू नका.

एक खूणगाठ: माल अधिक सगळी मजुरी (मालकाची धरून) विक्रीच्या ६० ते ६५ टक्क्यांच्या आत असावी. वरच्या उदाहरणात ती ६१ आहे. ७० च्या वर गेली तर भाडं आणि वीज भरून काही उरत नाही, मग चव कितीही चांगली असो.

वजनकाटा

पहिल्या प्रश्नाबद्दल. "किती घालता?" हे विचारणंच सोडून द्या. तीस वर्षं हाताने घालणाऱ्याला स्वतःचं माप माहीत नसतं, आणि आग्रह धरलात तर तो तुमचं समाधान व्हावं म्हणून एखादा आकडा सांगून टाकेल. तो आकडा चुकीचा असतो.

जिन्नसाचा डबाच काट्यावर ठेवा. काका घालण्याआधीचं वजन, घातल्यानंतरचं वजन, फरक लिहा. त्यांच्या हाताला काही करायला लावू नका, मध्ये बोलू नका. तेलाची बरणी, मिठाचा डबा, मसाल्याचे डबे, सगळं असंच. एका पदार्थाचं निदान तीन वेगळ्या दिवशी मोजा. तिन्ही आकडे जवळ आले तर सरासरी घ्या. एखाद्या जिन्नसात फरक मोठा असेल तर तिथे काका कशाला तरी बघून कमीजास्त करतात. ते कशाला बघतात हे शोधणं हाच खरा पाककृतीचा भाग. बहुतेक वेळा कच्च्या मालाचा आंबटपणा, ओलावा किंवा तिखटपणा असतो.

सगळं ग्रॅममध्ये लिहा, चमचे-वाट्या नको. चमचा हरवतो, बदलतो. मीठ तयार पदार्थाच्या वजनाच्या टक्क्यांत लिहा. बहुतेक शिजलेले पदार्थ १ टक्क्याच्या आगेमागे येतात. कुठे १.८ वगैरे निघालं तर मोजणीत चूक आहे का ते आधी बघा. रस्सा आटण्यापूर्वीच्या वजनावर टक्के काढले की उलट गडबड होते, आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

निवडून-सोलून किती उरतं तेही मोजा. १० किलो कांद्याचा सोलून, देठ काढून ८.८ किलो राहिला तर त्या किलोचा खरा भाव बिलातल्या भावाला ०.८८ ने भागून येतो. पालेभाजीत ही तफावत याहून पुष्कळ मोठी असते. रोजमेळ यांचे मालाचे ३३.६ टक्के आणि पाककृतीतल्या मापांवरून येणारे मालाच्या खर्चाचे टक्के यांत दोनेक टक्क्यांपेक्षा जास्त अंतर दिसलं तर कारणं सहसा हीच: सोलणीतली घट न धरणं, पळीचं माप मोठं असणं, नोकरांचं जेवण न लिहिणं, ओळखीच्यांना फुकट जाणारं, आणि नासाडी. चोरी सगळ्यात शेवटी तपासा.

आता पातेल्याचा मुद्दा. लोक १० लिटरची कृती लिहून घेतात आणि २० लिटरला सगळं दुप्पट करतात. पाणी दुप्पट करायचं नसतं. त्याच तोंडाच्या पातेल्यात, त्याच आचेवर, उघड्या उकळीत तासाला किती पाणी उडेल हे तोंडाच्या रुंदीवर आणि आचेवर ठरतं, आत किती आहे यावर फारसं नाही. १० लिटर तयार रश्श्यासाठी १२ पासून सुरुवात करून तासाभरात २ उडत असतील, तर २० साठी २२ पासून सुरुवात. २४ घेतलेत तर पातळ राहील, किंवा आणखी तासभर आटवाल आणि तेवढ्यात मसाल्याचा वास उडून जाईल. "काकांच्या हाताची चव नाही" ही तक्रार निम्म्या वेळा इथून येते. म्हणून कृतीच्या कागदावर पातेल्याचा व्यास आणि बर्नर कोणता हे लिहायलाच हवं.

परतण्याचं उलट. कांदा ३ किलोऐवजी ६ किलो एकाच कढईत टाकला तर सुटलेलं पाणी उडायला जागा मिळत नाही, कांदा वाफेवर शिजतो, लाल होत नाही. दोन घाणे करा.

वेळ लिहा, पण थांबायची खूण वेगळी लिहा: रंग, तेल कडेने सुटणं, बुडबुडे मोठे होऊन आवाज बदलणं, पळीवरून पडणारी धार. खुणेचा फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, खिडकीच्या उजेडात काढा. भटारखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली रंग कळत नाही.

आणि काका चुलीजवळून जाता जाता जे करतात ते चुकवू नका. दुपारी पातेल्यात पाण्याचा तांब्या ओतणं, संध्याकाळी चिमूटभर मीठ, आच उतरवणं. याला ते "स्वयंपाक" म्हणत नाहीत, म्हणून सांगणारही नाहीत. पूर्ण पाळीभर उभं राहून फक्त हे लिहायला एक माणूस लावा.

उतरवलेली कृती बरोबर आली का, हे काकांना चाखायला देऊन ठरवू नका. ते प्रेमाने किंवा रागाने बोलतील. तीन सारख्या वाट्या घ्या. काही जणांना दोन काकांच्या हातच्या नि एक नवी, काहींना उलट. वाट्यांवर नुसते आकडे, तापमान एकच. वेगळी वाटी कोणती ते ओळखायचं. १२ जण असतील तर नुसत्या अंदाजाने ४ जणांचं बरोबर येतं. ८ किंवा अधिक जणांनी ओळखलं तर फरक खरोखर जाणवतो आहे. ७ किंवा कमी असतील तर फरक आहे असं म्हणता येत नाही, पुढच्या पदार्थाकडे वळा.

अर्धा_चहा

मुळात या धंद्यात पडताय कशाला? १० पैकी ९ हॉटेलं पहिल्याच वर्षी बंद होतात.

रोजमेळ

हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्याला आधार सापडत नाही. अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या हॉटेलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षी बंद पडणारी किंवा हात बदलणारी साधारण २६ टक्के निघाली आणि तीन वर्षांत एकूण ६० टक्क्यांच्या आसपास. कमी नाहीत, पण ९० नक्कीच नाहीत. आणि हे आकडे नव्या हॉटेलांचे. तीस वर्षं चाललेल्या हॉटेलाला गिऱ्हाईक शोधायचं नसतं, आहे ते टिकवायचं असतं. तिथला धोका वेगळा.

चिमणीवाला

यंत्रं आणि इमारत यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

प्रत्येक जुन्या भटारखान्यात यंत्रांच्या खोडी असतात आणि त्या फक्त मालकाला ठाऊक असतात. फ्रिजचं दार उचलूनच लावायचं, तिसरा बर्नर अर्धाच उघडायचा, गिरणीआधी पंखा बंद करायचा नाहीतर फ्यूज जातो. खोडींची वेगळी वही करा, यंत्रागणिक एक पान. पानावर खोडी, खरं कारण, तात्पुरता उपाय, कायमचा उपाय आणि कोण दुरुस्त करतो. निम्म्या खोडींचं मूळ दहा मिनिटांचं काम असतं. फ्रिजच्या दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी अलगद ओढून निघाली तर तिथून गार हवा जाते, रबर बदला. मागची किंवा खालची जाळी धुळीने आणि तेलकट काजळीने भरली असेल तर कॉम्प्रेसर सतत चालू राहतो. भटारखान्यात ती महिन्यातून एकदा साफ करावीच लागते. फ्रिज ५ अंशांच्या आत, डीप फ्रीझर उणे १८. दारावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

बर्नरची ज्योत निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी असेल तर हवा कमी पडते आहे किंवा जेटमध्ये कचरा आहे. काका भांड्याचं बूड घासून घेत असतील, त्यांना ते नेहमीचं वाटत असेल.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे चिमणी. खालच्या जाळ्या पोरं रोज धुतात, वरच्या पत्र्याच्या नळात मात्र वर्षानुवर्षांचं तूपतेल साचलेलं असतं. कढईतून ज्वाळ उठली की तेच पेटतं आणि आग थेट छतात जाते. लाकूड-कोळशावर शिजत असेल तर नळ दर महिन्याला तपासायचा, खूप तळण आणि दिवसभर चालणारा भटारखाना असेल तर तीन महिन्यांनी, मध्यम वापराला सहा महिन्यांनी. नळाला मध्ये उघडायची दारंच नसतील तर तो कधीच साफ झालेला नाही असं समजा, आणि ते काम ताबा घेण्याआधी करून घ्या. तळणाच्या जागी तेलाची आग विझवायचं वेगळं नळकांडं हवं. पाण्याचं किंवा साध्या पावडरीचं तिथे चालत नाही. पेटत्या तेलावर पाणी ओतलं की ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल वर उडवतं.

मोरीखालची तेल अडवणारी टाकी कुठे आहे ते विचारून घ्या. कधीकधी ती फरशीखाली असते आणि फक्त मालकाला माहीत असते. वरचं तेल आणि खालचा गाळ मिळून टाकीच्या खोलीचा चौथा भाग भरला की उपसायची. त्यापुढे तेल थेट गटारात जातं आणि चोक-अप नेमका गर्दीच्या दिवशी होतो.

गॅसची मुख्य चावी, पाण्याची मुख्य चावी, मेन स्विच: तिन्हींचा फोटो भिंतीवर लावा.

वजनकाटा

चिमणीवाल्यांनी फ्रिजचा विषय काढला म्हणून एक जोडतो. काकांच्या सगळ्याच सवयी वारसा म्हणून घेऊ नका. जुन्या भटारखान्यांत रात्री उरलेलं मोठं पातेलं तसंच ओट्यावर राहतं, किंवा गरम गरम फ्रिजमध्ये जातं. "आजवर काही झालं नाही" हे त्याचं समर्थन. २० लिटरचं पातेलं फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलं तरी मधोमध कोमट राहतं, आणि शेजारचं अन्नही तापवतं.

शिजलेलं अन्न ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि २१ वरून ५ वर पुढच्या चार तासांत यायला हवं. त्यासाठी ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त थर होणार नाही अशा पसरट ट्रेमध्ये ओता, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा, मधूनमधून ढवळा, गार होईपर्यंत झाकण घट्ट लावू नका. पुन्हा तापवताना मधोमध ७४ अंश. भाताबाबत तर फारच सांभाळा. शिजवूनही काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. "चांगला तापवला होता" याला तिथे अर्थ नाही.

तळणाच्या तेलाचं तसंच. काका रंगावरून आणि वासावरून बदलतात, चालतं. पण नव्या माणसाला ते जमेपर्यंत तपासणीच्या पट्ट्या किंवा मीटर वापरा. तेलातले ध्रुवीय घटक (तेल बिघडत जातं तसे वाढणारे) २५ टक्क्यांच्या आसपास गेले की तेल टाकायचं. बऱ्याच देशांत मर्यादा २४ ते २७ च्या दरम्यान आहे. १९० अंशांच्या वर तापवलं आणि काही न तळता तसंच तापत ठेवलं की ते फार लवकर तिथे पोचतं.

गल्ल्यामागे

फसण्याच्या जागा बहुतेक कागदावर नसलेल्या शब्दांत असतात.

पुरवठादार घ्या. काकांना मिळणारा भाव आणि १५ दिवसांची उधारी ही त्यांच्या नावावर आहे, हॉटेलच्या नाही. काका असतानाच प्रत्येकाकडे तुम्ही दोघांनी जाऊन चार गोष्टी लिहून घ्यायच्या: भाव किती दिवस बांधील, पैसे किती दिवसांनी, माल पहाटे किती वाजता नि कमीत कमी किती, आणि माल खराब निघाला तर परत कसा. त्याचबरोबर प्रत्येक मुख्य जिनसाला दुसरा पुरवठादार शोधून ठेवा, महिन्यातून एकदा त्याच्याकडूनही थोडं घ्या. सगळे नंबर काकांच्या खासगी फोनमध्ये असतात. हॉटेलचा वेगळा नंबर आजच घ्या, दीड वर्ष पुरवठादारांना नि गिऱ्हाइकांना तोच देत राहा.

नोकर. कुणाची किती उचल आहे, कुणाला "पुढच्या वर्षी वाढवतो" म्हटलंय, कुणाला राहायला जागा दिलीय, जुन्या माणसांची सेवेची देणी किती साठलीत. हे प्रत्येक नोकराबरोबर काकांसमोर बसून लिहा आणि ताब्याच्या तारखेपर्यंतचं देणं काकांचं, पुढचं तुमचं, असा स्पष्ट कागद करा. इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. आणि मुख्य आचाऱ्याला ही बातमी बाहेरून कळू देऊ नका. तो गेला तर वजनकाट्यांच्या वह्या वाचायला कुणी उरणार नाही.

गिऱ्हाइकांची उधारी वयानुसार मांडा: ३० दिवसांच्या आतली, ३१ ते ६०, ६० च्या वरची. शेवटची रक्कम येणे म्हणून धरू नका. ती काकांनीच वसूल करावी, तुम्ही मागायला गेलात तर पैसे येणार नाहीत आणि गिऱ्हाईकही जाईल.

परवाने बहुतेक मालकाच्या नावाचे असतात आणि मालक बदलला की आपोआप पुढे जात नाहीत. कोणता बदलून मिळतो, कोणता नव्याने काढावा लागतो, त्याला किती दिवस लागतात, हे तुमच्या ठिकाणच्या कार्यालयात विचारून ताब्याची तारीख त्याप्रमाणे ठरवा. उलट करू नका.

जागा काकांचीच राहणार आहे म्हणता, तर भाडेकरार हा या व्यवहाराचा अर्धा भाग समजा. मुदत, वाढीचा दर, आणि काकांच्या पश्चात वारसांवर तो बांधील आहे का. तोंडी नातं वारसांना लागू होत नाही.

दुसरी_पाळी

फारच उपयोगी. दोन शंका. पहिली, भाव बरीच वर्षं वाढवलेले नाहीत, काकांना जड जातं. मी आल्यावर वाढवले तर "नवा आला नि लुटायला लागला" होणार. दुसरी, पदार्थ ३२ आहेत, काही दिवसाला दोन-तीनच जातात. ते काढावेत का?

रोजमेळ

भाव काकांच्या हातून वाढवून घ्या, ते गल्ल्यावर असताना. त्यांच्या तोंडून गिऱ्हाईक ऐकून घेतं. सगळ्या पदार्थांवर एकदम नको. दर तीन-चार महिन्यांनी आठ-दहा पदार्थ, ४ ते ८ टक्के. रोज खपणाऱ्या ज्या एक-दोन पदार्थांचा भाव लोकांना तोंडपाठ असतो, तो शेवटी.

भीती किती धरायची याचं गणित सोपं आहे. भाव १०० आणि त्यात माल ३३ असेल तर हातात ६७ येतात. भाव १०८ केला की ७५. आधीएवढीच रक्कम मिळायला ६७ भागिले ७५, म्हणजे ८९.३ टक्के खप पुरतो. दर शंभरात १० ताटं कमी झाली तरी तोटा नाही. ११ किंवा अधिक कमी झाली तर वाढ फसली. महिनाभर ताटं मोजा, गल्ला नुसता बघू नका. गल्ल्यात वाढलेला भाव कमी झालेला खप झाकून टाकतो.

पदार्थांसाठी १९८२ मध्ये कसावाना आणि स्मिथ या दोघांनी मांडलेली पद्धत आजही कामाची आहे. खप आणि दर ताटामागे हातात येणारी रक्कम, या दोन मापांवर पदार्थ चार गटांत टाकायचे. खपाची रेघ ७० टक्क्यांच्या नियमाने: ३२ पदार्थ असतील तर समान वाटणीने प्रत्येकाचा वाटा ३.१ टक्के, त्याचे ७० टक्के म्हणजे साधारण २.२. त्याखालचा पदार्थ कमी खपाचा. मात्र खपाचे टक्के एकाच प्रकारातल्या पदार्थांत काढा. पेयं आणि मुख्य जेवण एकत्र धरलंत तर सगळं चुकतं.

गल्ल्यामागे

गणित मान्य, पण नुसत्या त्यावरून पदार्थ काढायचा हे मान्य नाही. कमी खपणारा पदार्थ काढण्याआधी तो कोण मागतं ते बघा. दोन आठवडे त्या पदार्थाच्या बिलावर टेबल नंबर आणि बरोबर काय काय गेलं ते लिहा. आठवड्याला सहा जणांचं कुटुंब येतं आणि त्यातला एकजण फक्त तेच खातो, असं निघालं तर तो पदार्थ सहा ताटं आणतो. जो पदार्थ कमी खपतो, कमी उरवतो आणि ज्याचा कच्चा माल दुसऱ्या कशात लागत नाही, तोच आधी काढा. आणि पहिल्या सहा महिन्यांत पाट्या, रंग, खुर्च्या, नाव यांना हात नको. चेहरा बदलतोय तेवढाच बदल लोकांना पुरे.

वजनकाटा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. क्रम माझ्या मते असा: आधी सकाळचं उघडणं आणि रात्रीचं बंद करणं, मग हिशेब, मग खरेदी, मग भटारखाना, आणि गल्ला सगळ्यात शेवटी. गल्ल्यावरचे काका दिसत असतात तोवर गिऱ्हाईक निश्चिंत असतं.

गल्ल्यामागे

खरेदी हिशेबाच्या आधी. भाव माहीत नसताना हिशेब लिहिणारा नुसता आकडे उतरवतो.

बाकी क्रम पटला. त्यात काकांच्या गैरहजेरीची चाचणी घाला. आधी मंदीचा एक दिवस त्यांनी यायचं नाही. मग गर्दीचा दिवस. मग सलग आठवडा. मग तीन आठवडे, त्यात महिनाअखेर यायलाच हवी, कारण पगार, भाडं, पुरवठादारांची देणी तेव्हाच एकत्र येतात. या काळात काकांना केलेला प्रत्येक फोन वहीत लिहा: कुणी केला, कशासाठी, काय उत्तर मिळालं. त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे लिहून घ्यायची राहिलेली गोष्ट. त्याच दिवशी ती पाककृतीच्या, खोडींच्या किंवा पुरवठ्याच्या वहीत गेली पाहिजे. तीन आठवड्यांत कामाचा एकही फोन झाला नाही की ताब्याची तारीख पक्की करा, त्याआधी नाही. दीड वर्ष हाताशी आहे, तर पहिला गैरहजेरीचा दिवस चौथ्या-पाचव्या महिन्यातच घ्या. शेवटच्या महिन्यावर ठेवलात तर निघालेल्या उणिवा भरायला वेळ उरत नाही.

ताब्यानंतर काका रोज येणारच, येऊ द्या. फक्त आधीच ठरवा की ते गिऱ्हाइकांच्या बाजूला बसतील, भटारखान्यात जाणार नाहीत आणि नोकराला काही सांगायचं असेल तर तुमच्या कानात सांगतील. हे नोकरांसमोर काकांनीच जाहीर करायचं. नाहीतर पगार तुमच्याकडून आणि हुकूम त्यांच्याकडून, असं सुरू होतं, आणि आचारी दोघांपैकी सोयीचं ऐकतो.

दुसरी_पाळी

उद्यापासून काका दुपारचं वाटण करतात तिथे काटा ठेवतो. फोनची वही आजच आणली. भाडेकरारातल्या वारसांच्या कलमाचं काकांशी बोलायला जरा अवघड वाटतंय.

गल्ल्यामागे

तुम्ही बोलू नका. करार लिहिणाऱ्या वकिलाला ते कलम मसुद्यात आधीच घालायला सांगा आणि मसुदा काकांना नि मुलांना एकत्र वाचायला द्या. प्रश्न तेच विचारतील.